रविवारी तारण, सोमवारी ‘व्यवहार’



पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. नाताळच्या शुभेच्छांचे फोटो पुढं ढकलायला आपल्याकडं वेळ असतो, तर दहा मिनिटं हीही वाचा. राग आला तर खाली लिहा, पण शेवटपर्यंत वाचून लिहा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या मंडळ्यांमध्ये ‘पाप’ या शब्दाचा अर्थ आपण फार सोयीचा करून ठेवलाय. दारू पिणं पाप. तंबाखू, मावा पाप. उपासना चुकवणं पाप. पोरानं केस वाढवले, पोरीनं रील टाकलं, तर त्यावर अर्धा तास संदेश. आणि कामवाल्या मावशींचे पैसे कापले तर? तो व्यवहार. नळाला मोटर लावली तर? ती गरज. लग्नात ‘मानपान’ घेतला तर? ती रीत. निवडणुकीला पाकीट घेतलं तर? ‘घरी आलेलं कशाला परत करायचं.’ मंडळीचा हिशोब दाखवला नाही तर? ती ‘आतली बाब’.

म्हणजे ज्या पापानं स्वतःचंच लिव्हर खराब होतं ते पाप, आणि ज्यानं दुसऱ्याचं पोट मारलं जातं तो व्यवहार. हे आपल्याला कुणी शिकवलं? पवित्र शास्त्रानं तर नाही.

दारूची बाजू मी घेत नाहीये, हे लगेच स्पष्ट करतो. दारूनं आपल्या शहरातली किती घरं धुऊन नेली ते गिरण्या बंद पडल्यानंतरच्या सोलापुरात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. पण दारुड्याला मंडळीत सगळे ओळखतात, त्याच्यासाठी प्रार्थना होते, त्याला समोर बसवून सांगतात. बाकीच्या पापांना मात्र स्टेजवर खुर्ची मिळते.

एकेक घेतो. सगळी आपल्या गावातलीच उदाहरणं आहेत.

पाणी. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. तीन, चार, कधी पाच दिवसांनी येतं. उजनी भरलेली असो नाहीतर रिकामी, आपल्या नळाचं वेळापत्रक आपल्याला पाठ आहे. पाणी आलं की गल्लीत घरघर सुरू होते. थेट नळाला मोटर. वरच्या घराची टाकी भरून वाहते आणि गल्लीच्या टोकाला राहणारी बाई दोन घागरींसाठी तासभर नळाखाली भांडं धरून बसते. त्या घरघरणाऱ्या मोटरींमध्ये दारावर क्रूस लावलेल्या घरांच्या मोटरी नाहीत का? आहेत की. ‘सगळेच लावतात, आपण नाही लावली तर आपल्यालाच पाणी मिळणार नाही.’ खरं आहे, कमी मिळेल. पण ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे आपण ज्या शेजाऱ्याबद्दल शिकलो तो शोमरोनाच्या रस्त्यावर राहत नाही. तो गल्लीच्या टोकाला राहतो आणि त्याच्या नळाला आपल्यामुळं हवा येते.

मजुरी. आपल्यात मोठे कारखानदार फारसे नाहीत. शिक्षक, नर्स, रेल्वे-बँकेतले कर्मचारी, छोटे ठेकेदार, दुकानदार, असेच जास्त. म्हणून आपल्याला वाटतं की मजुरीचं पाप हे यंत्रमागवाल्याचं आणि विडी कारखान्याचं. विडी वळणाऱ्या बाईच्या हजार विड्या मोजून घेताना मूठभर ‘खराब’ म्हणून बाजूला काढतात आणि त्याचे पैसे देत नाहीत, हे ऐकलं की आपल्याला चीड येते. येऊ दे, योग्यच आहे. पण त्याच बाईची बहीण आपल्या घरी धुणंभांडी करते. ती पोराच्या आजारपणात चार दिवस आली नाही की आपण किती पैसे देतो? आपल्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा आपला पगार कापतात का? घराला रंग दिला, रंगाऱ्याचे शेवटचे दोन हजार ‘बघू, पुढच्या महिन्यात’ म्हणून किती महिने फिरवले?

लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय काढून वाचा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा तिथं आहे, हे आपल्याला माहीत असतं. पण तिच्या आधी काय आहे? मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नको. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी? तराजू आणि मापं खरी ठेवा. म्हणजे प्रीतीची आज्ञा मजुरी आणि तराजू यांच्या मधोमध ठेवलेली आहे. आपण ती तिथून काढून फ्रेममध्ये घालून हॉलमध्ये लावली. आजूबाजूचं सोडून दिलं.

नव्या करारातही तेच. याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय श्रीमंतांना सांगतो की तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे आणि ती आरोळी वरपर्यंत पोचली आहे. आपण प्रार्थनेत किती मोठ्यानं आरोळी मारतो यावर आपला भर. वर पोचलेली आरोळी नेमकी कुणाची, हा प्रश्न आपण विचारत नाही.

लग्न. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. साठ वर्षं उलटून गेली. आपल्यात कुणी ‘हुंडा’ म्हणत नाही, आपण सुधारलेले लोक. आपण म्हणतो, ‘आमचं काही मागणं नाही, तुम्ही तुमच्या मुलीला हौसेनं काय द्याल ते द्या.’ मग हौसेची यादी मध्यस्थामार्फत येते. मुलगी नर्स आहे आणि परदेशी जायची शक्यता आहे, तर यादीत अजून काय काय. आणि चहा पिताना हळूच, ‘मूळचे कुठले? म्हणजे, आधीचे कोण?’ बाप्तिस्म्यात सगळं जुनं गेलं म्हणून साक्ष द्यायची, आणि स्थळ बघताना तेच जुनं उकरून काढायचं. हे पाप कुठल्या संदेशात ऐकलंय तुम्ही? मी फार क्वचित ऐकलंय. कारण संदेश देणाऱ्यालाही पोरं-पोरी असतात.

पाकीट. निवडणूक महापालिकेची असो नाहीतर विधानसभेची, आदल्या रात्री काय फिरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मतासाठी पैसे देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे. ‘घ्यायचे आणि आपल्याला वाटेल त्याला मत द्यायचं’ असं हुशारीनं सांगणारे विश्वासणारे मला भेटलेत. म्हणजे लाच घ्यायची आणि वर देणाऱ्याला फसवायचं. एकावर एक फ्री. मग पाच वर्षं पाणी का येत नाही म्हणून नगरसेवकाच्या नावानं बोटं मोडायची. अहो, त्यानं तुमच्या पाच वर्षांच्या पाण्याचे पैसे एका रात्रीत चुकते केले. आता तुम्ही त्याला कुठल्या तोंडानं विचारणार?

हिशोब. आपल्या बहुतेक मंडळ्यांची मालमत्ता कुठल्या ना कुठल्या ट्रस्टच्या नावावर आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० पासून आहे. हिशोब ठेवायचा, तपासून घ्यायचा, धर्मादाय कार्यालयात द्यायचा, हे सगळं त्यात आहे. पण मी म्हणतो कायदा सोडा. म्हाताऱ्या आजी पेन्शनमधून दशांश काढतात आणि रुमालाच्या गाठीतून काढून पेटीत टाकतात. त्या पैशाचं काय झालं हे फळ्यावर लिहायला कुठला कायदा लागतो? मात्र हिशोब मागणारा माणूस आपल्याकडं ‘फूट पाडणारा’ ठरतो, ‘आत्म्यात कमी’ ठरतो. आणि वर्षानुवर्षं कोर्टात तारखा घेणारे दोन गट रविवारी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेतात.

आता जे सांगणार आहे ते जास्त टोचेल.

मागं एका उपवास-प्रार्थनेनंतर चहा घेताना एक वडीलधारे गृहस्थ एका तरुणाबद्दल बोलत होते. पोरगा कामाचा, दर रविवारी लवकर येऊन सतरंज्या घालणारा. ते म्हणाले, ‘चांगला आहे हो, पण सेटलमेंटकडचा. दानपेटीची किल्ली त्याच्याकडं नको.’ बसलेल्या चार जणांनी मान हलवली. त्या दानपेटीचा हिशोब दोन वर्षं वार्षिक सभेपुढं आलेला नव्हता, आणि किल्ली इतकी वर्षं ‘चांगल्या घरच्या’ लोकांकडंच होती. हे कुणाला आठवलं नाही.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, ‘सेटलमेंट’ हे नाव आलं कुठून. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला, गुन्हेगार जमातींचा कायदा. त्यात पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी अशा कितीतरी जमाती पुढं जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. चोरी केली म्हणून नाही, त्या घरात जन्मले म्हणून. आपल्या सोलापुरात त्यांच्यासाठी काटेरी तारेच्या आत वसाहत झाली. हजेरी द्यायची, बाहेर जायला पास लागायचा, आणि दिवसा गिरणीत काम करायचं. गिरण्यांना कामगार हवेच होते. वागणूक चांगली दिसली की तारेबाहेर राहायची परवानगी. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आज आपण रिक्षावाल्याला सहज सांगतो, त्यातल्या ‘फ्री’चा अर्थ तो आहे.

आणि ही वसाहत चालवण्यात आपल्याच लोकांचा हात होता. सोलापुरात काही काळ तो कारभार अमेरिकन मराठी मिशनकडं होता. देशात इतरत्र मुक्तिफौजेनंही अशा वसाहती चालवल्या. मिशनऱ्यांनी तिथं शाळा काढल्या, पोरांना हातात काम दिलं, आजाऱ्याला औषध दिलं, हे नाकारायचं कारण नाही. पण तारेच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ज्या कायद्यानं ठरवलं, त्या कायद्याचं कुलूप सांभाळायचं कामही त्यांनी पत्करलं. हे दोन्ही आपल्या इतिहासात आहे. एक सांगायचं आणि दुसरं गिळायचं, हा खोटेपणा झाला.

मुंबई प्रांतात तो कायदा १९४९ साली रद्द झाला, सगळ्या देशात ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. तार निघाली. डोक्यातली निघाली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, मराठी वाचकांनी डोळे पुसले, आणि पोलिसांची गाडी चोरी झाली की जिथं जायची तिथंच जात राहिली. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावलीतल्या जातीवरच्या कामवाटपाचे नियम रद्द करावे लागले, आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदीही. सुकन्या शांता या पत्रकार महिलेनं लावून धरलेलं हे प्रकरण. पंच्याहत्तर वर्षांनी!

मी हे इथं का आणलं? कारण पापाबद्दल आपण जे चुकतो ते याच एका गोष्टीत उघडं पडतं. आपली शिकवण सांगते की पापात सगळेच आहेत. पाळक, पंच, महिला मंडळाच्या अध्यक्षा, मी, तुम्ही. कुणी एका गल्लीत जन्मला म्हणून जास्त पापी नाही, कुणी मिशन कंपाउंडमध्ये जन्मला म्हणून कमी नाही. आणि तीच शिकवण सांगते की रोज निवड करायची असते. काइनाची गोष्ट आठवा. भावाला मारण्याआधी देव त्याच्याशी बोलतो. पाप दाराशी बसलंय, पण त्याला ताब्यात ठेवणं तुझ्या हातात आहे, असं त्याला समजावतो. म्हणजे त्या क्षणापर्यंत काइन मोकळा होता. इंग्रजांच्या कायद्यानं माणसाची ही निवडच काढून घेतली. आणि आपण? आपण त्या सतरंज्या घालणाऱ्या पोराची निवड काढून घेतो, आणि स्वतःची निवड करायची टाळतो. त्याचं पाप त्याच्या पत्त्यावर लिहिलेलं, आणि आपला नीतिमानपणा आपल्या आडनावावर.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. तीन गोष्टी म्हणाल.

पहिली, ‘तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही.’ बरोबर. पण हेच वाक्य पुढं करून पाप चालू ठेवायचं का, हा प्रश्न पौलानं रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात स्वतःच विचारलाय आणि ठामपणे ‘नाही’ म्हटलंय. जक्कयाचं बघा. येशू त्याच्या घरी जेवायला गेला तेव्हा जक्कयानं एक पैसाही परत केलेला नव्हता. कृपा आधी आली, शंभर टक्के. पण ती घरात आल्यावर जक्कय उभा राहिला आणि त्यानं हिशोब काढला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. आपल्याकडं कृपा येते, चहा पिते आणि निघून जाते. तिजोरीला तिचा हात लागू देत नाही आपण. हिटलरच्या जर्मनीत दीट्रिश बोनहॉफर नावाचा पाळक याच ‘स्वस्त कृपे’वर तुटून पडला होता. १९३७ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फासावर दिलं. त्याला कृपा कळली नव्हती असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

दुसरी, ‘जगात राहायचं तर असं चालत नाही, तोटा होतो.’ होतो. मी खोटं बोलणार नाही. मोटर काढली तर पाणी कमी येईल. रंगाऱ्याला वेळेवर पैसे दिले तर त्या महिन्यात ओढाताण होईल. हुंडा नाकारला तर भावकी नाक मुरडेल. पण जे फुकटात जमतं तेवढंच नीतिमत्त्व आपल्याला हवं असेल, तर आपण निवड केली असं म्हणू नये. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडं लोक आले आणि त्यांनी विचारलं की आम्ही करायचं काय? लूकच्या ३ ऱ्या अध्यायात त्याची उत्तरं आहेत. दोन अंगरखे असतील तर एक दे. जकातदारानं ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायानं धाक दाखवून पैसे उकळू नयेत, पगारात भागवावं. त्यानं कुणालाही नोकरी सोड म्हटलं नाही, रानात ये म्हटलं नाही. जिथं आहेस तिथंच, तुझ्या गल्ल्यावर, तुझ्या ड्यूटीवर, नीट वाग म्हणाला. यातलं कुठलं सोलापुरात जमत नाही ते मला सांगा.

तिसरी, आणि ही मी गंभीरपणे घेतो. ‘अहो, दिवस वाईट आहेत. २०११ च्या जनगणनेत आपण राज्यात एक टक्कासुद्धा नव्हतो. बाहेरचे लोक आधीच बोटं दाखवतात. घरातली धुणी चौकात कशाला धुता?’ भीती खरी आहे, मी तिची टिंगल करणार नाही. पण बाहेरचे आपल्याला ओळखतात ते आपल्या संदेशांवरून नाही. घरात काम करणारी मावशी आपल्याला ओळखते. रंगारी ओळखतो. गल्लीच्या टोकाची बाई ओळखते. ते आपल्या उपासनेला कधी आलेले नाहीत, पण आपल्याविषयी साक्ष रोज तेच देतात. ती साक्ष चांगली असेल तर चौकात कुणी आपल्याविरुद्ध ओरडलं तरी ही माणसं गप्प बसणार नाहीत. आणि वाईट असेल तर आपल्या हजार पत्रिका वाया.

नुसतं बोलून मोकळं व्हायचं नाही म्हणून पाच गोष्टी मांडतो. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी संकल्पाची प्रार्थना होतेच. यंदा ती या शब्दांत करून बघा.

१. माझ्या नळाला मोटर लावणार नाही. गल्लीत आणखी चार घरं तयार करीन, मग महापालिकेकडं पाण्यासाठी भांडायला आपल्याला तोंड राहील.

२. माझ्याकडं काम करणाऱ्याचे पैसे ठरल्या दिवशी देईन, आणि आजारपणाची सुट्टी कापणार नाही.

३. घरच्या लग्नात घेणार नाही, देणार नाही, आणि ‘आधीचे कोण’ विचारणार नाही. पाळक साहेबांनी लग्न लावण्याआधी दोन्ही घरांना हे समोर बसवून विचारावं. दारूबद्दल विचारता तसंच.

४. पाकीट परत करीन, आणि ते पोरांच्या देखत परत करीन.

५. मंडळीचा जमाखर्च दर महिन्याला दारात फळ्यावर लागेल. आणि दानपेटीला दोन किल्ल्या असतील, दोन वेगळ्या माणसांकडं. त्यातली एक त्या सतरंज्या घालणाऱ्या पोराकडं.

पाचव्याला सगळ्यात जास्त विरोध होईल, लिहून ठेवा. मोटर काढायला लोक एक वेळ तयार होतील. किल्ली द्यायला नाही.

ज्यांना वाटतंय की मी मंडळीची बदनामी करतोय, त्यांनी आपल्या मंडळीचा गेल्या वर्षीचा जमाखर्च खाली कमेंटमध्ये टाकावा. मी त्यांची जाहीर माफी मागून ही पोस्ट काढून टाकीन. ज्यांना पटलंय त्यांनी नुसतं ‘आमेन’ लिहू नका. पाचातलं कुठलं एक या आठवड्यात करणार, त्याचा आकडा लिहा.

सेटलमेंटमधून, मंगळवेढ्यातून, बार्शीतून, अक्कलकोटातून, जिथून वाचताय तिथून लिहा. वाट बघतोय.